मोबाईलवर चालणारी मोटर : हुकूम आणि हुंकार



आपल्या शाळेतील पुष्कळ कुटुंबे खानदेशातून सुरतेत आली. कुणाचे आजोबा गिरणीत कामाला आले, कुणाचे वडील लूम्सच्या खात्यात. घर उधन्याला किंवा लिंबायतला झाले, पण शेत गावीच राहिले. त्यामुळे वर्गात शेतीचा विषय निघाला की मुले पुस्तकाबाहेरचे पुष्कळ सांगतात. गेल्या वर्षी इयत्ता ९ वीत विद्युतप्रवाहाचा पाठ चालू असता एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमचे पप्पा इथून मोबाईलवर गावची मोटर चालू करतात." वर्गात एकच हशा पिकला. परंतु ते खरे होते. तो विद्यार्थी पुढे म्हणाला, "पण एकदा आमचे काका मरता मरता वाचले." मग कुणी हसले नाही.

त्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव न देता, ती हकीकत आम्ही येथे देत आहोत. तिच्यामागचे विज्ञानही समजावून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने भाषेत कोठे हिंदीची छटा आली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मोबाईल स्टार्टर कशासाठी आला?

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. साधारणपणे दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी ती वाटणी अनेक वर्षे होती. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जावे लागते. तेथे जावे तर लाईट गेलेली असते, परत यावे तर ती येते.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांना अशा फेऱ्या घालताना पाहिले होते. दूरवरून मोटर चालू करता येईल असे यंत्र करण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि मोबाईलवर चालणारे 'नॅनो गणेश' हे उपकरण बनवले. २००९ साली नोकिया कंपनीच्या नवसंशोधकांच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाईल स्टार्टर बाजारात आले. आज जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागात केळीच्या बागांमध्ये अशा पेट्या दिसतात.

पेटीच्या आत कोण कोणाशी बोलते?

एसएमएसवर चालणारी अशी पेटी उघडली तर आत मुख्यतः चार वस्तू असतात : सिमकार्ड घातलेला मोडेम, एक लहानसा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर, स्टार्टरचे बटण दाबण्याचे काम करणारा रिले, आणि लाईट गेल्यावर पेटी जागी ठेवणारी बॅटरी.

मोडेम आणि मायक्रोकंट्रोलर एकमेकांशी कसे बोलतात? चक्क लिहून! एक जण अक्षरे पाठवतो, दुसरा अक्षरांतच उत्तर देतो. या अक्षरांना जायला एकच तार असते, यायला दुसरी. एकाच रुळावरून गाडीचे डबे जसे एकामागून एक जातात, तसे अक्षराचे तुकडे एकामागून एक जातात. म्हणून याला 'सिरियल' म्हणजे क्रमिक संदेशवहन म्हणतात.

रोमन लिपीतले 'ए' हे अक्षर घ्या. १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' या संकेतावलीत त्याचा क्रमांक ६५ आहे. द्विमान पद्धतीत ६५ म्हणजे ०१०००००१. तारेवर आधी '०' जातो, म्हणजे 'सावध, अक्षर येत आहे'. मग हे आठ अंक उलट्या टोकाकडून जातात : १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. शेवटी '१' जातो, म्हणजे 'अक्षर संपले'. एका अक्षराला असे एकूण दहा तुकडे लागतात. नेहमीचा वेग सेकंदाला ९६०० तुकडे धरला, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. दोन्ही बाजूंचा वेग सारखाच ठरवावा लागतो, नाही तर कचरा वाचला जातो.

आता हुकमाची भाषा पाहू. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेवर चालणारा एक मोडेम काढला. त्याला संगणकाने हुकूम कसा द्यावा? त्यांनी सोपी युक्ती केली. प्रत्येक हुकमाच्या सुरुवातीला 'एटी' ही दोन अक्षरे लिहायची. 'अटेंशन' या शब्दाची ही पहिली दोन अक्षरे. आपण कवायतीत 'सावधान' म्हणतो, तसेच हे. शेवटी 'एंटर'. मोडेमला हुकूम कळला तर तो लिहितो 'ओके', नाही कळला तर 'एरर'.

ती कंपनी पुढे बंद पडली, टेलिफोनचे ते मोडेम गेले, पण ही भाषा राहिली. मोबाईलच्या मोडेमसाठी तिच्यात नवे हुकूम घातले गेले आणि आजच्या ४जी मोडेमलाही 'एटी' म्हटले की तो 'ओके' म्हणतो. आपल्या आजीला गोष्ट सांगताना जसा मुलांकडून हुंकार लागतो, तसेच हे आहे. हुंकार थांबला की आजी गोष्ट थांबवते.

प्रयोगशाळेत आम्ही काय केले?

आपल्या संगणक कक्षात मागील बाजूस नऊ टाचण्यांचे सिरियल पोर्ट असलेला एक जुना संगणक आहे. भंगारात काढायचा होता, तो कामी आला. त्याला एक मोबाईल मोडेम जोडला आणि ९ वीच्या मुलांनी पुढील हुकूम दिले. (संगणकावर ही अक्षरे रोमन लिपीत लिहावी लागतात, येथे आम्ही देवनागरीत देत आहोत.)

१) 'एटी'. उत्तर : 'ओके'. मोडेम जागा आहे.

२) 'एटी+सीएसक्यू'. म्हणजे रेंज किती? उत्तरात ० ते ३१ यांपैकी अंक येतो, ९९ आला तर 'सांगता येत नाही'. आतल्या भिंतीजवळ ७ आला, खिडकीत मोडेम ठेवल्यावर १९. पेटी विहिरीच्या खोलीत कोठे बसवावी हे मुलांना न सांगताच कळले.

३) 'एटी+सीएमजीएफ=१'. म्हणजे संदेश अक्षरांच्या रूपात दे-घे कर. उत्तर : 'ओके'.

४) 'एटी+सीएमजीएस=' आणि पुढे अवतरण चिन्हांत मोबाईल क्रमांक. येथे मोडेम 'ओके' म्हणत नाही. तो '>' असे चिन्ह दाखवून थांबतो, म्हणजे 'बोला, मजकूर काय?' मजकूर लिहून 'कंट्रोल' आणि 'झेड' या दोन कळा एकत्र दाबल्या की संदेश जातो, आणि मग 'ओके' येतो.

मोटरीच्या जागी आम्ही टेबलावर एक लहान दिवा ठेवला होता. संदेश आला, दिवा लागला. टाळ्या झाल्या. तेव्हा आम्ही मुलांना विचारले : "चौथ्या पायरीवर 'ओके' आला, म्हणजे काय झाले?" बहुतेक सर्व म्हणाले, "संदेश पोहोचला." हे उत्तर चूक आहे. येथूनच खरा पाठ सुरू होतो.

त्या दिवशी काय घडले?

जून महिना होता. आदल्या रात्री वादळ होऊन गावाजवळचा मोबाईल टॉवर बंद पडला होता. त्या आठवड्यात दिवसाच्या लाईटची पाळी होती. सकाळी ८ वाजता सुरतेत पाळीवर जाण्यापूर्वी पालकांनी 'चालू' असा संदेश पाठवला. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवला. तरी उत्तर नाही. गावाकडे फोन लागेना. मोबाईल कपाटात ठेवून ते कामाला लागले.

गावी काकांनी पाहिले की मोटर चालू झालेली नाही. त्यांनी हाताने बटण दाबले. मोटर फिरली, पण पाणी उचलेना. बंद करून ते विहिरीतल्या ओट्यावर उतरले आणि पंपाचा शाफ्ट अडकला आहे काय ते हाताने फिरवून पाहू लागले. आबा वर खोलीपाशी उभे होते.

९ वाजून ४० मिनिटांनी टॉवर सुरू झाला. सकाळी ८ चे दोन्ही संदेश मोबाईल कंपनीच्या केंद्रात थांबून होते. आपल्याकडे पोस्टाची पत्रे गाव तुटले तर तालुक्याला थांबतात आणि रस्ता उघडला की एकदम येतात, तसे ते पेटीपर्यंत आले. पेटीने हुकूम पाळला. रिले खट्ट वाजला.

मोटर फिरली नाही, कारण आबांनी तिन्ही फ्यूज काढून बंडीच्या खिशात ठेवले होते. त्यांना एसएमएसचे काही माहीत नव्हते. माणूस विहिरीत उतरला की फ्यूज काढायचे, एवढे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होते.

गोष्ट येथे संपत नाही. पेटी बॅटरीवर जागी होती. तिने सुरतेला उलट संदेश पाठवला : 'मोटर चालू'. एकदा नव्हे, दोनदा. जेवणाच्या सुट्टीत पालकांनी तो वाचला आणि बागेला पाणी मिळाले म्हणून समाधानाने जेवले. संध्याकाळी फोन लागला तेव्हा त्यांना खरे काय ते कळले. तो विद्यार्थी सांगत होता की त्या रात्री पप्पा कुणाशी बोलले नाहीत.

चूक कुणाची?

पालकांनी काही गैर केले नाही. मोडेम बिघडलेला नव्हता. मोबाईल कंपनीनेही आपले काम केले, उशिरा का होईना संदेश पोहोचवला. प्रत्येकाने आपापला हुकूम पाळला, तरी माणसाचा जीव धोक्यात आला. म्हणून आम्ही मुलांसह या सर्व साखळीत 'हो' म्हणणारे कोण कोण आहेत ते फळ्यावर मांडले.

पहिला 'हो' मोडेमचा. पाठवणाऱ्या मोडेमच्या 'ओके'चा अर्थ एवढाच की मोबाईल कंपनीने संदेश ताब्यात घेतला. पोस्टाच्या पेटीत पत्र पडले, इतकेच.

दुसरा 'हो' पेटीचा. 'मोटर चालू' या त्या पेटीच्या उत्तराचा अर्थ होता : मी रिले ओढला. मोटर फिरते की नाही हे तिने पाहिलेच नव्हते.

तिसरा 'हो' खुद्द मोटरीचा. तो कोण देणार? मोटरीच्या तारेभोवती बसवलेली, प्रवाह मोजणारी कडी. प्रवाह वाहत असेल तरच मोटर चालू. प्रवाह फारच कमी असेल तर मोटर कोरडी फिरते आहे, पाणी नाही. अडकली असेल तर प्रवाह फार जास्त.

विद्यार्थी मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. उत्तर आले यावर समाधान मानू नका. उत्तर कोणी दिले आणि त्याने स्वतः काय पाहिले, हे विचारा. गृहपाठ झाला का, असे विचारल्यावर 'हो' म्हणणाऱ्यालाही आम्ही वही दाखवायला सांगतो, ते याचसाठी!

दूरवरच्या हुकमाचे पाच नियम

१) हुकूम स्पष्ट असावा. काही उपकरणांत एकच हुकूम असतो : मोटर बंद असेल तर चालू कर, चालू असेल तर बंद कर. हा धोकादायक आहे. उत्तर हरवले म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा पाठवला, तर चालू झालेली मोटर बंद होईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. 'चालू' आणि 'बंद' असे दोन वेगळे हुकूम असावेत. मग 'चालू' दहा वेळा गेला तरी अर्थ एकच राहतो.

२) शिळा हुकूम पाळू नये. प्रत्येक एसएमएसवर संदेश-केंद्राची तारीख आणि वेळ असते. मोडेमला संदेश वाचायला सांगितला की ती वेळही तो देतो. वेळेच्या शेवटी भारतात '+२२' असते. ग्रीनिचच्या वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे आहोत आणि तेथे मोजणी पाव तासांत असते, म्हणून २२. पेटीने आपल्या घड्याळाशी ही वेळ ताडून पाहावी. पाच मिनिटांपेक्षा जुना 'चालू' असेल तर तो रद्द करावा आणि तसे कळवावे. 'बंद' मात्र जुना असला तरी पाळण्यास हरकत नाही. बंद मोटर कुणाचा हात ओढत नाही.

३) उत्तर मोजून द्यावे. रिले ओढला हे उत्तर नव्हे. प्रवाह किती आहे, तिन्ही फेज आहेत काय, हे उत्तर.

४) अधिकार नसलेल्याचा हुकूम घेऊ नये. ठरलेल्या मोबाईल क्रमांकांखेरीज कुणाचा संदेश पेटीने मानू नये. मात्र दुसऱ्याच्या क्रमांकाचा मुखवटा लावता येतो, म्हणून गुप्त अंकही असावा, आणि तो कंपनीने घालून दिलेलाच तसाच ठेवू नये.

५) जागेवरचा माणूस सर्वांत मोठा. यंत्रापाशी असे एक कुलूप असावे की ते लावल्यावर जगातला कोणताही हुकूम चालणार नाही. आबांच्या खिशातले फ्यूज हे असेच कुलूप होते. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या 'ऑटो'लाही हाच नियम लागू आहे.

मोठी यंत्रेही असेच बोलतात

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. १४ मधल्या भागात, १६ तीन हातांसारख्या रांगांत, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्यांना फिरवायला प्रत्येकीपाशी माणूस नसतो. नियंत्रण कक्षातून ऑप्टिकल फायबरवरून हुकूम जातो, प्रत्येक थाळीपाशी असलेला संगणक तो घेतो आणि थाळी खरोखर कोणत्या कोनात आहे ते परत कळवतो. कोन मोजला जातो, गृहीत धरला जात नाही. आणि थाळीपाशी काम चालू असेल तर तिला जागेवरच अडवण्याची सोय असते. आपल्या आबांचा नियम तेथेही आहे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. पालकांनी मुलांना अवश्य न्यावे.

कारखान्यांतही तेच. १९७९ साली निघालेला 'मॉडबस' नावाचा हुकूम-उत्तराचा नियमसंच आजही पंपिंग स्टेशनांत आणि कारखान्यांत वापरला जातो. त्यात प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो, आणि हुकूम वाटेत बिघडला तर ओळखता यावा म्हणून शेवटी ताळ्याचा आकडा जोडलेला असतो. आपल्या पालकांपैकी जे हिरे-बाजारात किंवा कारखान्यात वजनकाट्यावर काम करतात, त्यांनी काट्यामागची तार पाहिली असेल. पुष्कळ काटे तिच्यावरून संगणकाला वजन लिहूनच कळवतात.

विश्वस्त मंडळास विनंती

शाळेच्या पाण्याच्या टाकीची मोटर मोबाईलवर घ्यावी, अशी सूचना गेल्या सभेत आली होती. टाकी भरून वाहते, शिपाईभाऊंना तीन जिने चढून-उतरून बटण दाबावे लागते, हे खरे आहे. सोय व्हावी असे आम्हालाही वाटते. परंतु प्रवाह मोजून उत्तर देणारी पेटी आणि मोटरीपाशी कुलूपबंद स्विच, या दोन्ही गोष्टी बसवल्याशिवाय ते काम करू नये, असे आमचे नम्र मत आहे. त्या टाकीपाशी सफाईसाठी माणूस चढतो. स्वस्तातली पेटी 'चालू' म्हणेल आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवू.

पेटी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या पेट्यांतील मोडेम २जी असतात. जिओची सेवा सुरुवातीपासूनच ४जी आहे, तिचे सिम अशा पेटीत चालत नाही. म्हणून मोडेम कोणता आहे ते आधी विचारावे.

त्या पालकांनी आता गावची पेटी बदलली आहे. नव्या पेटीचे उत्तर असे येते : 'चालू, ९ अँपिअर'. खोलीच्या दाराशी कुलपाचा स्विचही बसवला. पण आबा म्हणतात, "स्विच तुमचा, फ्यूज माझा." अजूनही कुणी विहिरीत उतरले की फ्यूज त्यांच्याच खिशात जातात. त्यांना हे सोडायला कुणी सांगू नये.

स्वाध्याय

१) 'टी' या अक्षराचा आस्की क्रमांक ८४ आहे. तो द्विमान पद्धतीत लिहून तारेवर जाणारे दहा तुकडे क्रमाने मांडा.

२) सेकंदाला ९६०० तुकडे या वेगाने ४८ अक्षरांचा संदेश तारेवरून जायला किती वेळ लागेल?

३) एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट आणि देवनागरीला १६ बिट लागतात. तर रोमनमध्ये व देवनागरीत प्रत्येकी किती अक्षरे मावतील? पेटीचे हुकूम रोमनमध्ये का असतात?

४) 'बंद' हा हुकूम जुना असला तरी पाळावा, असे वर म्हटले आहे. तो पाळणे तोट्याचे ठरेल असे एखादे उदाहरण शोधा.

५) घरी मोबाईलवर चालणारे कोणतेही यंत्र असेल तर आई-वडिलांना विचारा : ते 'हो' म्हणते तेव्हा त्याने नेमके काय पाहिलेले असते? उत्तर वहीत लिहून आणा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची उत्तरे आम्ही स्वतः वाचणार आहोत.

मुख्याध्यापक